रणधुमाळीतील दोन पिते

विज्ञानकथा म्हटली की याने, यंत्रे आणि परग्रहावरील चमत्कारिक जीव डोळ्यांसमोर उभे राहतात. घरातल्या दुःखाला तेथे जागा असेल असे आपणांस सहसा वाटत नाही. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाईन' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा 'सन्स अँड डॉटर्स' हा भाग पाहिला आणि आमचा हा समज गळून पडला. ब्रॅडली थॉम्पसन व डेव्हिड वेडल यांनी लिहिलेला हा भाग ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रथम प्रक्षेपित झाला. डोमिनियन या बलाढ्य सत्तेशी युद्ध पेटलेले आहे. परंतु कथेचा खरा विषय दोन पिते व त्यांची दोन अपत्ये हा आहे.

पहिला पिता वर्फ, क्लिंगॉन या लढवय्या वंशाचा अधिकारी. त्याचा मुलगा अलेक्झांडर आईवेगळा. वर्फने त्याला पृथ्वीवर, ज्या मानव दांपत्याने आपल्याला वाढविले त्यांच्याच हवाली केले आणि स्वतः कर्तव्यात बुडून गेला. १९९४ च्या 'फर्स्टबॉर्न' या भागात याच मुलाने आपल्याला योद्धा व्हायचे नाही, असे स्पष्ट सांगितले होते. तोच आता नवशिका सैनिक म्हणून पित्याच्या युद्धनौकेवर दाखल होतो. साम्राज्याची सेवा करण्यासाठी आलो, असे तो म्हणतो. पित्याला ते पटत नाही, आणि आम्हालाही नाही. ज्या पित्याने घरी वेळ दिला नाही, त्याला गाठण्यासाठी मुलगा रणांगणावर आला आहे.

वर्फ वाईट माणूस नाही, हेच या कथेचे बळ. मुलाची सहकाऱ्याशी झुंज होते तेव्हा तो मध्ये पडतो. मुलाच्या जिवाच्या भीतीने त्याला दुसऱ्या नौकेवर पाठवू पाहतो. पित्याच्या लेखी हे रक्षण. मुलाला मात्र त्यात पुन्हा एकदा दूर लोटणेच दिसते. नोकरीचाकरीसाठी लेकरांना आजीआजोबांकडे ठेवावे लागलेल्या पालकांना हा प्रसंग जिव्हारी लागेल. अखेर वर्फ कबूल करतो की, युद्धकला मी तुला शिकवीन, पण बाप कसे व्हावे हे तू मला शिकव. पित्याने लहान होण्याचा हा क्षण आम्हाला फार मोलाचा वाटला.

दुसरा पिता गुल डुकाट. अंतराळस्थानक जिंकून घेतलेला हा कार्डेशियन सेनानी आपल्या मुलीवर, झियालवर, प्रेमाचा वर्षाव करतो. झियालची आई बजोर ग्रहाची, म्हणजे डुकाटने ज्यांच्यावर राज्य केले त्या लोकांपैकी. मुलीच्या चित्रांचे त्याला कौतुक आहे, हे खोटे नाही. तथापि झियालला मायेने सांभाळणारी बजोरची किरा जवळ यावी, हाही त्याचा हेतू आहे. तो किराला एक पोशाख भेट देतो. आपल्याला कोठे ओढले जात आहे हे ओळखून ती तो परत करते. तोच पोशाख मग डुकाट मुलीला देतो, आणि आपल्यासाठीच आणला असे समजून झियाल हरखून जाते. एकही कठोर शब्द न उच्चारता येथे लेखकांनी पितृप्रेमाची पोकळी दाखविली आहे.

एक उणीव नमूद करणे आम्हास आवश्यक वाटते. वर्षानुवर्षांचा दुरावा एका संभाषणाने मिटतो आणि मुलगा लगेच सेनापती मार्टोकच्या कुळात सामील होतो, हे फार घाईचे झाले आहे. योद्धा न होऊ इच्छिणाऱ्या त्या जुन्या अलेक्झांडरचे काय झाले? पित्याची माया मिळविण्यासाठी त्याला पित्यासारखेच व्हावे लागले, ही खंत लेखकांनी बोलून दाखवावयास हवी होती.

तरीही हा भाग पालकांनी मुलांसमवेत अवश्य पाहावा. एका पित्याने आपले अज्ञान मान्य केले आणि त्याला मुलगा परत मिळाला. दुसऱ्याने किराने नाकारलेली वस्तू मुलीच्या हाती ठेवली, आणि त्या बिचारीने ती आनंदाने स्वीकारली. कथा संपल्यावर वर्फच्या कबुलीपेक्षा झियालचा तो आनंदच आमच्या मनात अधिक काळ सलत राहिला.