पाच लिवा, मास्तर : मदतकार्याच्या मूल्यमापनाविषयी

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण 'पुरावा' या शब्दाची थोडी चिरफाड केली. आज पुरावा गोळा करत हिंडणाऱ्यांविषयी बोलायचं आहे. त्यांत आम्हीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, ते आपण विसरलेलो नाही. पाणी ओसरलं आणि मग मदतीचा पूर आला. ट्रक हमरस्त्याला लागून असलेल्या गावांत रिकामे होत. तिथं बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांचे ढीग. आतल्या मळ्यांत, वस्त्यांवर मात्र चिखल उपसायला खोरं नाही.

काही महिन्यांनी एका संस्थेनं आम्हा चार-पाच निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी वाटलेल्या मदतीचं मूल्यमापन करायचं होतं. छापील फॉर्म दिले. संच मिळाला का, वेळेवर मिळाला का, आणि शेवटी : समाधान किती, एक ते पाच. नदीकाठच्या एका गावात एका म्हातारीला आम्ही हा शेवटचा प्रश्न विचारला. घराची एक भिंत नव्हती. ती म्हणाली, "पाच लिवा, मास्तर. कमी लिवलं तर पुढच्या येळंला कोन येतंय?" आम्ही पाच लिहिले. शेजारच्या घरीही पाच, त्याच्या शेजारीही पाच. अहवालात समाधानाची सरासरी उत्तम आली आणि आम्ही सह्या केल्या.

आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवलेल्या माणसांनी ही सही केली! उत्तर काय आलं एवढंच आम्ही पाहिलं, ते कोणाला आणि कोणत्या धाकापोटी दिलं हे पाहिलं नाही. त्या बाईनं आम्हाला फसवलं नव्हतं. तिनं आमच्यापेक्षा अचूक मूल्यमापन केलं होतं, फक्त ते आमचं होतं.

आता 'मूल्यमापन' या शब्दाकडेच बघा. त्यात मूल्य आहे आणि मापन आहे. मदतीच्या व्यवहारात दुसरा भाग पहिल्याला गिळून टाकतो. पैसे देणाऱ्या मोठ्या संस्थांनी १९९१ पासून पाच निकष रूढ केले : समर्पकता, परिणामकारकता, काटकसर, दूरगामी परिणाम, टिकाऊपणा. २०१९ मध्ये सुसंगतीचा सहावा आला. निकष वाईट नाहीत, पण समर्पकता कोणाच्या दृष्टीने? काटकसर कोणाच्या पैशाची? हे प्रश्न फॉर्मच्या बाहेर राहतात, कारण फॉर्म देणाऱ्याच्या कचेरीत छापला जातो.

परकीय शब्दांना नावं ठेवून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्याकडे पंचनामा आहेच. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात. पंचांच्या सह्या होतात. कल्पना थोर आहे : नुकसान चारचौघांसमक्ष ठरवायचं. पण पंचनामा कागदाला धरून चालतो. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं पीक बुडालं. वाट्यानं कसणाऱ्याचं बुडालेलं दिसत नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदीत ज्याचं घर त्याचं पडलं. भाडेकरूची भांडी गेली ती कशात लिहायची? वाहून गेलेल्या म्हशीचा पंचनामा कसा करायचा, हा प्रश्न तर प्रत्येक पुरात नव्यानं उठतो. त्याच पुरात मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्यात बुडालेलं असावं अशी अट निघाली आणि राज्यभर टीका झाली. आमच्या मते टीका थोडी चुकीच्या जागी झाली. लोक निर्दयपणावर चिडले. दोष मात्र मोजण्याजोगं ते खरं मानण्याच्या सवयीचा होता. मातीची भिंत दोन दिवसांच्या हिशेबानं पडत नाही. ती भिजते, उभी राहते आणि ऊन लागल्यावर, कधी पंचनामा होऊन गेल्यावर, बसते.

ही सवय जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या पिढीनं खडी फोडणारी माणसं पाहिली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढ्या माणसांना काम दिलं, मोठी भूकबळीची आपत्ती टळली, हे महाराष्ट्राचं खरोखर मोठं कर्तृत्व आहे. पण खडीच का? खडीचा ढीग ब्रासमध्ये मोजता येतो, मजुरी लगेच काढता येते, आखणीला इंजिनिअर लागत नाही. पाझर तलावाला जागा शोधावी लागते, आणि त्याचा उपयोग झाला का हे कळायला चार पावसाळे जावे लागतात. पाझर तलावही झाले, पुष्कळ झाले. तरी रस्त्याकडेला पडून राहिलेले खडीचे ढीग आम्हाला आठवतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनव्यवस्थेविषयी जे म्हटलं त्याचा आशय असा की माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. आपल्या मुकादमांना ते आधीच ठाऊक असावं.

पण याच मातीतून दुसरी गोष्टही निघाली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, वि. स. पागे यांनी साठच्या दशकात कामाच्या हमीचा प्रयोग सुरू केला. त्यातून रोजगार हमी योजना आली. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. यातला आम्हाला महत्त्वाचा वाटणारा भाग असा की काम मागणारा माणूस मदत घेणारा उरला नाही, हक्कदार झाला. काम दिलं नाही तर बेकारभत्त्याची तरतूद. म्हणजे मस्टर हा नुसता वर पाठवायचा कागद राहिला नाही, खालून त्यावर बोट ठेवता येऊ लागलं. प्रत्यक्षात खोटी मस्टरं झाली, हे मान्यच. पण मस्टर खोटं आहे असं म्हणायला मजुराला कायद्याचा आधार होता. आमच्या म्हातारीला तसा कोणता आधार होता? पुढे राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाईत मस्टर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यात सामाजिक अंकेक्षण आलं.

कोणी म्हणेल, मग आकडे टाकूनच द्या. नाही. रवांडातल्या नरसंहारानंतरच्या मदतीचं अनेक देशांनी मिळून मूल्यमापन केलं, ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. राजकीय कृतीची उणीव मदतकार्य भरून काढू शकत नाही, हे देणाऱ्यांनीच करवून घेतलेल्या त्या अहवालानं देणाऱ्यांना सुनावलं. पुढच्याच वर्षी 'स्फिअर' प्रकल्प सुरू झाला. माणशी रोज १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय, अशी किमान मापं त्यातून रूढ झाली. छावणीतल्या बाईला '१५ लिटर' ठाऊक असेल तर ती भांडू शकते. ठाऊक नसेल तर तो आकडा फक्त अहवालाच्या कामाचा.

वेळेचाही प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. अशा ठिकाणी कित्येक प्रकल्प काही महिन्यांत आटोपतात आणि मूल्यमापनही त्यांच्याबरोबर संपतं. कायमच्या घराची वाट बघणं वर्षानुवर्षं चालतं. त्या वाट बघण्याला कोणत्याच फॉर्मात रकाना नाही.

आम्ही पुढल्या वर्षी त्या नदीकाठच्या गावात परत गेलो, फॉर्म न घेता, कोणाच्याही वतीनं नाही. समाधानाविषयी विचारलं नाही. पुरानंतर काय विकलं, कोणाकडून उसनं घेतलं, आणि गावात कोणाला काहीच मिळालं नाही, एवढंच विचारलं. तिसऱ्या प्रश्नावर लोक बोलायला लागले, कारण दुसऱ्याची तक्रार सांगणं सोपं असतं. नावं आली, त्यांतली बरीच आमच्या यादीत नव्हती. यादी आम्ही चावडीवर वाचली. वाचताना दोन नावांवर भांडण झालं आणि एक नाव खोडावं लागलं. मग ती संस्थेकडे पाठवली. संस्थेचं उत्तर आलं की तो प्रकल्प बंद झाला आहे.

म्हातारीची भिंत उभी राहिली होती. तिनं दोन शेळ्या विकल्या होत्या. ही नोंद आमच्या पहिल्या अहवालात नाही, आणि सही मात्र अजून आमचीच आहे. आता प्रश्न घेऊ.