यमदूताची ड्यूटी, अश्वत्थाम्याची जखम

लोणारचं सरोवर मी पहिल्यांदा आजीबरोबर पाहिलं. आमचं गाव मंठा तालुक्यात, जालना जिल्ह्याच्या कडेला. हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्हा आणि लोणार. काठावर उभं राहून आजीनं लवणासुराची गोष्ट सांगितली. जमिनीखाली लपून बसलेला दैत्य, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं उडवलेलं त्याच्या बिळाचं झाकण आणि दैत्यामुळं खारट झालेलं पाणी. जवळच माहितीचा फलक होता. अवकाशातून आलेला दगड आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. मी तेव्हा सातवीत होतो. शहाणपण दाखवायची हौस होती, म्हणून आजीला फलक मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "मंग, वरूनच आलं ना कायतरी? मी दुसरं काय सांगू राह्यले?"

जुनी गोष्ट अंतराळात नेणारा सिनेमा पाहिला की मला हे संभाषण आठवतं. असे सिनेमे खूप आहेत. घोड्याच्या जागी यान, तलवारीच्या जागी लेझर, गावाच्या जागी ग्रह. पण नुसते कपडे बदलायचे असतील तर एवढ्या लांब जायचं कशाला? गोष्ट जमिनीवर होतीच की. म्हणून मी प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासतो. जमिनीवर असताना या गोष्टीत जे दिसत नव्हतं, ते वर गेल्यावर दिसलं का?

बेट, खाण आणि रोलिंग मिल

आधी दोन जुनी उदाहरणं घेऊ. १९५६ साली आलेला 'फॉरबिडन प्लॅनेट' हा शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'चा अवतार मानला जातो. नाटकात बेटावर राहणारा जादूगार प्रॉस्पेरो, त्याची मुलगी मिरांडा, हुकमातला एरिअल आणि गुलाम केलेला कॅलिबन आहे. सिनेमात अल्टेअर-४ ग्रहावर राहणारा डॉ. मॉर्बियस, त्याची मुलगी आणि रॉबी नावाचा रोबो. मग कॅलिबन कुठं गेला? माणसं मारणारा एक अदृश्य राक्षस ग्रहावर फिरतोय. शेवटी कळतं, की लुप्त झालेल्या क्रेल लोकांच्या प्रचंड यंत्रानं मॉर्बियसच्याच मनाच्या तळातल्या रागाला देह दिला आहे. नाटकात कॅलिबन हा बाहेरचा, दुसरा कुणीतरी होता. सिनेमानं तो मालकाच्या डोक्यात नेऊन ठेवला. मनातलं लगेच खरं करणारं यंत्र असल्याशिवाय हे दाखवता आलं नसतं. इथं प्रवासाचं भाडं वसूल झालं.

दुसरा सिनेमा 'आउटलँड', १९८१ सालचा, पीटर हायम्सचा. मूळ गोष्ट १९५२ च्या 'हाय नून'ची. गुंड दुपारच्या गाडीनं येणार आहे, मार्शल गावात मदत मागत फिरतो आणि एकेक दार बंद होत जातं. 'आउटलँड'मध्ये गुरूच्या आयो या चंद्रावर खाण आहे, गाडीच्या जागी शटल आहे आणि मार्शल आहे शॉन कॉनरी. वरवर पाहिलं तर सरळ नक्कल. पण खाणीत कामगार वेडे होऊन मरताहेत, कारण त्यांना जास्त काम व्हावं म्हणून एक औषध पुरवलं जातंय आणि व्यवस्थापक ते चालू देतोय. उत्पादन वाढलंय, बोनसही वाढलाय.

हा सिनेमा मी मावसभावाबरोबर पाहिला. तो जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट करतो. जालना सळयांसाठी ओळखलं जातं. भट्टीसमोर उभं राहणारे कित्येक हात बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले असतात. मी त्याला म्हणालो, 'हाय नून'मधले लोक घाबरून मदत करत नाहीत. तो म्हणाला, "इथं भीती नंतरची. आधी बोनस. मार्शल जिंकला तर यांचा पगार कमी होणार." मला हे स्वतःहून सुचलं नव्हतं. गावातल्या माणसाला निदान बाजूला होऊन निघून जाता येतं. खाणीतल्या माणसाची हवासुद्धा कंपनीची. मूळ सिनेमातला भित्रेपणा इथं हिशोब होतो आणि तो हिशोब माझ्या भावाला भाषांतराशिवाय कळतो. 'आउटलँड'चा शेवटचा अर्धा तास मात्र नुसती पळापळ आहे. कामगार गोष्टीतून गायबच होतात.

आपल्याकडची सवय

गोष्ट नव्या ठिकाणी नेणं आपल्याला नवं नाही. पैठणच्या एकनाथांनी रामायण मराठीत आणलं. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत ते आले आणि पुढचं काम त्यांच्या गावबा या शिष्यानं पुरं केलं. आमच्या जिल्ह्यातल्या जांबचे रामदास यांनी सुंदरकांड आणि युद्धकांड एवढंच घेतलं. त्यांना त्या काळात जे हवं होतं ते त्या दोन कांडांत होतं. सांगणारा काय उचलतो आणि काय सोडतो, यावरून त्याला काय सलतंय ते कळतं. जयंत नारळीकरांनी आपल्या विज्ञान कादंबरीला 'वामन परत न आला' हे नाव दिलं, ते असंच. लहानसं काहीतरी मागणारा बटू आणि नंतर आवरेनासं झालेलं त्याचं पाऊल. यंत्रमानवाच्या गोष्टीला याहून नेमकी पुराणकथा सापडणं कठीण.

म्हणूनच २०२४ साली 'कल्की २८९८ एडी' आला तेव्हा मी मोठ्या आशेनं गेलो. हा सिनेमा पृथ्वीवरच घडतो, पण काशीच्या वर आकाशात 'कॉम्प्लेक्स' नावाचा उलटा पिरॅमिड लटकलेला आहे, तेव्हा आपल्या विषयात तो बसतो. आणि नाग अश्विनला एक विलक्षण गोष्ट सुचली आहे. महाभारतात अश्वत्थामा उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो, म्हणून त्याला शाप मिळतो. सिनेमात हजारो वर्षांनी त्याला काम मिळतं ते एका गर्भाचं रक्षण करण्याचं. ज्यानं गर्भ मारायला हात उचलला, त्यानंच आता गर्भवतीपुढं उभं राहायचं. आमच्याकडं अश्वत्थामा अजून जखमेला तेल मागत हिंडतो असं म्हणतात. त्या तेलाची सोय कुणीतरी पहिल्यांदा केली असं मला वाटलं.

पण सिनेमा या कल्पनेवर थांबत नाही. त्या बाईला, सुमतीला, आपल्यापुढं उभा असलेला म्हातारा कोण आहे आणि त्यानं काय केलं होतं हे कळल्यावर काय वाटेल? ते दोघं एकदा बसून बोलले असते तर सिनेमा वेगळ्याच उंचीवर गेला असता. त्याऐवजी आपल्याला गाड्या, मारामाऱ्या, पाहुणे कलाकार आणि शेवटी भैरव म्हणजे कर्ण हे गुपित मिळतं. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. मीही वाजवली, खोटं कशाला बोलू? पण घरी येताना लक्षात आलं की कर्णाचं नाव ऐकून वाजवलेली शिट्टी मी महाभारताला दिली होती, सिनेमाला नाही. ओळख पटल्याचा आनंद हा सगळ्यात स्वस्त आनंद आहे. पुनर्कथनं त्याच्यावरच जगायला लागली की गोष्ट जिथल्या तिथं राहते.

पुष्पक ६३४-ए

आता ज्या सिनेमासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडं येतो. 'कार्गो' हा नागपूरच्या आरती कडव यांचा पहिला मोठा सिनेमा, २०२० च्या सप्टेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आला. पुष्पक ६३४-ए नावाच्या यानावर प्रहस्त (विक्रांत मस्सी) वर्षानुवर्षं एकटा नोकरी करतोय. प्रहस्त हे रावणाच्या सेनापतीचं नाव, आणि हाही राक्षसच आहे. राक्षस आणि माणसांत तह झालाय. पृथ्वीवर मेलेली माणसं या यानावर येतात, त्यांना 'कार्गो' म्हणजे माल म्हणतात. त्यांच्याजवळच्या वस्तू काढून घ्यायच्या, जखमा बऱ्या करायच्या, आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला पाठवायचं. मग युविष्का (श्वेता त्रिपाठी) नावाची नवी मदतनीस येते. यान चकचकीत नाही. बटणं, खोके, जुनाट पडदे. तालुक्याच्या कचेरीत शिरल्यासारखं वाटतं.

आपल्या जुन्या गोष्टींत यम किंवा यमदूत येतो तेव्हा आपण दाराच्या अलीकडं असतो. सावित्रीच्या बाजूनं, नचिकेताच्या बाजूनं. यमदूत थकतो का, त्याला एकटं वाटतं का, रोज एवढे चेहरे पाहून त्याचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. 'कार्गो' कॅमेरा दाराच्या पलीकडं नेतो. त्यासाठी अंतराळ लागतंच. पृथ्वीवर दुसऱ्याच्या मरणाला पाहुणे, रडणं, दहावं, तेरावं असतं. तिथं वर फक्त पुढचा माल असतो.

हा सिनेमा मी उशिरा, २०२१ च्या पावसाळ्यात फोनवर पाहिला. त्या एप्रिलमध्ये आजी कोरोनानं गेली. आम्हाला तिचा चेहरा पाहता आला नाही. पीपीई किट घातलेल्या एका माणसानं प्लास्टिकची पिशवी दिली. तिच्यात चष्मा, चंची आणि तुळशीची माळ. त्यानं पिशवीवरचं नाव वाचलं, कागद पुढं केला, म्हणाला, "सही करा." मला त्याचा कित्येक महिने राग होता. नाव असं वाचतात का, भाजीच्या पावतीवरचं वाचल्यासारखं?

'कार्गो'मध्ये प्रहस्त माणसांच्या वस्तू काढून घेतो तेव्हा त्याचा आवाज अगदी तसाच आहे. सपाट. आणि त्या सपाट आवाजामागं काय साचलंय, हे सिनेमा हळूहळू उघडतो. मी फोन बाजूला ठेवला. त्या माणसानं त्या दिवशी किती पिशव्या दिल्या असतील? घरी जाऊन तो कुणाशी बोलला असेल? राग गेला असं म्हणत नाही. पण त्या किटच्या आत कुणीतरी होतं, हे मला पहिल्यांदा दिसलं.

तरीही या सिनेमाशी माझं एक भांडण आहे, आणि ते छोटं नाही. मेलेल्यांना हाताळायचं काम राक्षसांनाच का? तहात हे कलम कुणी घातलं? गावगाड्यात मरणाचा सांगावा नेणं, सरणाला लाकडं पुरवणं, मेलेली ढोरं ओढणं ही कामं कुणाच्या वतनात बांधली होती हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला माहीत आहे. ज्यांना वेगळं ठेवायचं त्यांनाच मरणाजवळ उभं करायचं, ही आपली फार जुनी व्यवस्था. सिनेमा नकळत तिच्या दारापर्यंत येतो. राक्षस, तह, नेमून दिलेलं काम, सगळं मांडून झालेलं असतं. आणि मग तो एकटेपणाच्या हळव्या गोष्टीकडं वळतो. प्रहस्ताचा एकटेपणा हा त्याचा स्वभाव आहे की त्याला दिलेली जागा आहे, हे एकदा तरी विचारायला हवं होतं. 'आउटलँड'मध्ये खाणीची मालकी कुणाची हे पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. 'कार्गो'मध्ये व्यवस्था दिसते, पण मालक धूसरच राहतो.

पण हे भांडण करावंसं वाटतं, एवढा ऐवज या सिनेमात आहे. 'कल्की'शी मला भांडता आलं नाही, फक्त हळहळता आलं. 'कार्गो' थोड्या पैशांत, पत्र्याच्या यानात बसून, आपल्याच घरातला एक प्रश्न इतका वर घेऊन जातो की तिथून तो कुणाचा आहे ते दिसायला लागतं. पुढचं पाऊल दुसऱ्या कुणीतरी टाकावं. एकनाथांचं रामायणही गावबानं पुरं केलं होतं.

तुम्ही 'कार्गो' पाहिला नसेल तर पाहा. त्यातल्या वस्तूंच्या खोक्यांकडं नीट बघा. आजीची चंची अजून माझ्याकडं आहे. तिच्यात सुपारीचं एक खांड राहिलंय. सही मी केली होती, त्या माणसाचं नाव मात्र विचारायचं राहून गेलं.