तृतीय पुरुषाचा वध : ‘म्यूनिक’ चित्रपटातील गुप्त सूड

सूड घेणाऱ्यास केवळ शत्रूचा मृत्यू नको असतो. हा मृत्यू कोणाच्या हातून आला व कशाबद्दल आला, हे शत्रूस आणि जगास कळावे, अशीही त्याची अपेक्षा असते. भीमाची प्रतिज्ञा भरसभेत झाली, आणि ती पुरी झाली तीही रणांगणावर, सर्वांच्या देखत. उलट, अश्वत्थाम्याने मध्यरात्री शिबिरात शिरून निजलेल्यांस ठार केले. म्हणूनच त्याच्या कृत्याकडे पराक्रम म्हणून पाहण्यास आपली परंपरा कधीच तयार झाली नाही. उघड सूड हे कर्त्यासह उच्चारलेले पूर्ण वाक्य असते; गुप्त सूडात कर्ता अध्याहृत असतो. तो सर्वांना कळावा, परंतु कोणासही दाखवून देता येऊ नये, अशी त्यातील योजना असते. या अध्याहृत कर्त्याचे पुढे काय होते, हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘म्यूनिक’ (२००५) या चित्रपटाचा खरा विषय आहे, असे मला वाटते.

चित्रपटाची पार्श्वभूमी सर्वश्रुत आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये म्यूनिक येथील ऑलिंपिक क्रीडास्पर्धांच्या वेळी ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी संघटनेच्या आठ सशस्त्र माणसांनी इस्राएली पथकावर हल्ला केला व त्यात अकरा खेळाडू आणि मार्गदर्शक प्राणास मुकले. त्यानंतर इस्राएलच्या हेरखात्याने यूरोपात व अन्यत्र अनेक पॅलेस्टिनींस हेरून मारले. या घटनांवर जॉर्ज जोनस यांनी १९८४ साली लिहिलेले पुस्तक चित्रपटास आधारभूत आहे. पुस्तकाच्या सत्यतेविषयी बराच वाद झाला. टोनी कुशनर आणि एरिक रॉथ यांची पटकथाही इतिहास असल्याचा दावा करीत नाही. म्हणून येथे तिचा विचार कलाकृती म्हणूनच करावयाचा आहे. इतिहासाची साक्ष शेवटी एका मुद्द्यापुरती काढावी लागेल.

आरंभीचाच एक प्रसंग लक्षणीय आहे. नायक आव्नेर यास नोकरीचा राजीनामा द्यावयास लावतात आणि सरकारशी आपला कोणताही करार नाही, अशा अर्थाच्या करारावर त्याची सही घेतात. लगोलग हिशेबनीस त्यास बजावतो की, प्रत्येक खर्चाची पावती मिळालीच पाहिजे. प्रेक्षक हसतात, परंतु या विनोदात चित्रपटाचे सूत्र आहे. राज्यसंस्थेला क्रियेचा हिशेब हवा आहे, कर्त्याचे नाव मात्र नको आहे.

येथे व्याकरणातील एका विचाराचे साहाय्य घेतो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९४६ साली असे प्रतिपादन केले की, ज्यास आपण तृतीय पुरुष म्हणतो तो वास्तविक पुरुषच नव्हे. ‘मी’ आणि ‘तू’ संवादात परस्परांसमोर उभे असतात व आपापल्या जागा बदलू शकतात. ‘तो’ हा केवळ बोलण्याचा विषय असतो. या संदर्भात त्यांनी अरबी वैयाकरणांची परिभाषा पुढे केली. त्या परिभाषेत प्रथम पुरुष म्हणजे बोलणारा, द्वितीय पुरुष म्हणजे ज्याच्याशी बोलले जाते तो, आणि तृतीय पुरुष म्हणजे ‘गाइब’, गैरहजर असलेला. मराठीतील ‘गायब’ हा शब्द फारसीच्या वाटेने याच शब्दापासून आलेला आहे. गुप्त हत्येची यादी ही अशा तृतीय पुरुषांची यादी असते. यादीतील माणूस गायब होण्यापूर्वीच व्याकरणदृष्ट्या ‘गाइब’ झालेला असतो.

परंतु मारण्यासाठी त्याच्या जवळ जावे लागते, आणि जवळ जाताच तो द्वितीय पुरुष होऊ लागतो. चित्रपटाच्या मध्यभागाची सारी रचना या एका अडचणीवर उभी आहे. रोममधील वाएल झ्वैतर हा ‘अरेबियन नाइट्स’चा इटालियन अनुवादक. तो वाणसामान घेऊन घरी परततो, तेव्हा दोघे मारेकरी त्यास त्याचे नाव विचारतात, पुन्हा विचारतात, आणि उत्तर मिळूनही त्यांचे हात चालत नाहीत. ज्यास ठार करावयाचे त्यास आधी संबोधावे लागले, हीच येथील कोंडी आहे. पॅरिसमध्ये महमूद हमशारी याच्या टेलिफोनात स्फोटक ठेवलेले असते. टेलिफोन हे तर केवळ ‘मी’ आणि ‘तू’ यांचे यंत्र. पलीकडचा आवाज ओळखल्याखेरीज कळ दाबता येत नाही, आणि तो आवाज अनपेक्षितपणे त्याच्या लहान मुलीचा निघतो. सायप्रसमधील हॉटेलात शेजारच्या सज्जातून सावज स्वतःच आव्नेरशी बोलू लागते व झोप येत नसेल तर गोळी घ्या, असे सुचवते. या तिन्ही प्रसंगांत थरारपटाची उत्कंठा पुरेपूर आहे, परंतु तिचे स्वरूप पालटले आहे. ‘बेत तडीस जाईल काय?’ या प्रश्नाच्या बरोबरीने ‘तो न जाईल तर बरे’ अशी इच्छा प्रेक्षकाच्या मनात उठते, आणि रौद्राची जागा भयानक घेतो.

अथेन्समधील प्रसंग याच दिशेने सर्वांत पुढे जातो. एकाच गुप्त निवासात इस्राएली मारेकरी व पॅलेस्टिनी बंडखोर योगायोगाने एकत्र येतात. इस्राएली आपण निरनिराळ्या परदेशी क्रांतिकारी संघटनांचे असल्याची बतावणी करतात, आणि अली नावाचा तरुण आव्नेरपाशी आपल्या गमावलेल्या भूमीविषयी मन मोकळे करतो. चित्रपटातील हा सर्वांत दीर्घ मनमोकळा संवाद, परंतु तो खोट्या नावाखाली झालेला. अलीच्या ‘तू’ला खरा ‘मी’ मिळतच नाही. थोड्याच अवधीत तो या मंडळींच्या हातून मरतो. खऱ्या नावाने हे दोघे एकमेकांशी बोलूच शकले नसते, एवढी एक गोष्ट दाखवून पटकथा थांबते. भाष्य करीत नाही, हे तिचे सामर्थ्य आहे.

उत्तरार्धात मराठी वाक्यरचनेची आठवण व्हावी असा पालट घडतो. ‘त्याने मारले’ यातील ‘ने’ हा कर्त्याचा प्रत्यय. ‘त्याला भीती वाटते’, ‘त्याला झोप येत नाही’ यांतील ‘ला’ हा भोगणाऱ्याचा. आव्नेर हा ‘त्याने’मधून ‘त्याला’मध्ये ढकलला जातो. सोबती एकेक करून मरतात. तो गादी फाडून स्फोटके शोधतो, कपाटात निजतो. आपणही कोणाच्या तरी यादीतील तृतीय पुरुष झालो आहोत, हे त्यास उमगलेले असते. हॉलंडमध्ये ते एका स्त्रीस ठार करतात, ते तर कोणत्याही आदेशावाचून, सोबत्याच्या मृत्यूचा बदला म्हणून. राज्याने उसना दिलेला सूड आता त्यांचा स्वतःचा झालेला असतो.

तथापि दोन आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. पहिला रचनेचा. अखेरीस आव्नेरच्या शय्येवरील प्रसंगात म्यूनिकच्या विमानतळावरील संहाराची दृश्ये गुंफली आहेत. आव्नेर तेथे नव्हता. ती स्मृती त्याची नाही. राष्ट्राची वेदना व्यक्तीच्या शरीरात उतरली, असा आशय अभिप्रेत असावा. परंतु आतापर्यंत संयमाने मिळविलेला परिणाम या अट्टाहासाने उणावतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नैतिक मोल दिले ते कोणी? चित्रपटाच्या हिशेबात ते मुख्यतः मारणाऱ्यांच्या मनःशांतीतून वळते होते. २१ जुलै १९७३ रोजी नॉर्वेतील लिलेहामर येथे अहमद बुशिखी या मोरोक्कन वेटरला भलताच माणूस समजून त्याच्या गरोदर पत्नीसमक्ष गोळ्या घालण्यात आल्या. ही घटना चित्रपटात नाही. आव्नेरचा गट त्या कामगिरीवर नव्हता, असे समर्थन करता येईल. पण ज्या कलाकृतीचा विषयच सूडाचे मोल हा आहे, तिने सर्वांत मोठी रक्कम वहीबाहेर ठेवावी, हे खटकते. शिवाय १९९६ साली इस्राएलने बुशिखी यांच्या कुटुंबीयांस भरपाई दिली, ती जबाबदारी मान्य न करता. पावती झाली, कर्ता अध्याहृतच राहिला. आरंभीच्या त्या विनोदी करारावर याहून कठोर भाष्य पटकथाकारांनाही सुचले नसते.

असे असूनही चित्रपटाचा शेवट मला समर्थ वाटतो. न्यू यॉर्कच्या नदीकाठी आव्नेर आपल्या वरिष्ठास, एफ्राइमला, घरी जेवावयास बोलावतो. एफ्राइम नकार देऊन निघून जातो. दूरवर, २००१ साली नाहीसे झालेले ते दोन मनोरे दिसतात. समीक्षकांचे लक्ष मनोऱ्यांकडे गेले, ते स्वाभाविक आहे. परंतु अर्थ त्या नकारात आहे. पंक्तीस बसणे म्हणजे समोरच्यास ‘तू’ म्हणणे, आणि ज्याच्याशी करारच नाही त्यास राज्यसंस्था ‘तू’ म्हणू शकत नाही. शत्रूस तृतीय पुरुषात ढकलण्यासाठी जे व्याकरण तिने सिद्ध केले, त्यात तिच्या स्वतःच्या माणसालाही दुसरी जागा उरलेली नसते.