ओटो वारबुर्ग : निरीक्षण आणि कारणमीमांसा

जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग (१८८३–१९७०) यांच्या कर्करोगविषयक कार्याचे मूल्यमापन बहुधा दोन टोकांनी होते. काहींना ते उपेक्षित द्रष्टे वाटतात. इतरांच्या लेखी ते एका सदोष सिद्धान्ताला अखेरपर्यंत कवटाळून बसलेले हट्टी गृहस्थ होत. वारबुर्ग यांची मोजमापे आणि त्या मोजमापांविषयीची त्यांची भाषा ही वेगवेगळी तपासली पाहिजेत, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटते.

१९०८ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यांवर प्रयोग करताना, फलनानंतर अंड्यांचा प्राणवायूचा वापर कित्येक पटींनी वाढतो, असे त्यांना आढळले. झपाट्याने वाढणारे अर्बुदही असेच अधिक श्वसन करीत असावे, ही अपेक्षा त्यातूनच उत्पन्न झाली. १९२३ नंतर बर्लिनमधील डालेम येथील प्रयोगांत ती फोल ठरली. अर्बुदाचे अतिशय पातळ काप बंद पात्रात ठेवून वायुदाबातील फरक मोजणे, ही त्यांची पद्धत. प्राणवायू शोषला गेला की दाब घटे. दुग्धाम्ल निर्माण झाले की ते द्रवातील बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड मुक्त करी आणि दाब वाढे. इतक्या साध्या साधनाने पेशीचा चयापचय अंकांत पकडणे, हे वारबुर्ग यांचे खरे यश होय. प्राणवायू मिळताच किण्वन आवरले जाते, हे पाश्चरच्या काळापासून ज्ञात होते. अर्बुदपेशींत ते मंदावले, पण थांबले नाही. विपुल प्राणवायूतही ग्लुकोजचे दुग्धाम्ल होतच राहिले.

येथवर निरीक्षण आहे. पुढे अनुमान येते : किण्वन आवरले जात नाही, त्या अर्थी श्वसनच बिघडले असले पाहिजे. १९५६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात हे अनुमान कथेचे रूप घेते. प्रथम श्वसनाला कायमची इजा होते. मग इजा झालेल्या पेशींचा जगण्यासाठी दीर्घ झगडा चालतो. काही मरतात, काही किण्वनाच्या ऊर्जेवर तगतात आणि अखेरीस कर्कपेशी होतात. मापनाने दाखविले होते ते दोन क्रियांचे एका वेळचे प्रमाण. लेख सांगतो तो घटनांचा कालक्रम. ‘प्रथम’ आणि ‘मग’ ही क्रियाविशेषणे वायुदाबमापकातून निघालेली नाहीत. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात सिडनी वाइनहाउस यांनी आक्षेप घेतला की, अर्बुदांचे श्वसन सर्वसाधारणपणे क्षीण असल्याचा पुरावा नाही. वारबुर्ग यांचे मत बदलले नाही. प्रकाशसंश्लेषणास किती प्रकाशकण लागतात, या वादातही त्यांचा असाच आग्रह दिसतो.

१९६६ च्या लिंडाउ येथील व्याख्यानात हा आग्रह शिगेला पोहोचतो. प्लेगचे मूळ कारण जंतू. घाण, उंदीर व पिसवा ही दुय्यम कारणे. त्याचप्रमाणे कर्करोगाची दुय्यम कारणे अगणित, मूळ कारण मात्र एकच, असा तेथील युक्तिवाद आहे. दृष्टान्त प्रभावी आहे, आणि म्हणूनच धोकादायक. प्लेगचा जंतू वेगळा काढून दाखविता आला होता. ‘श्वसनाची इजा’ तशी हाती लागलेली नव्हती. सिद्ध झालेल्या विषयाची निश्चिती असिद्ध विषयाला येथे उसनी दिली गेली आहे. (श्वासोच्छ्वास आणि पेशीतील ऑक्सिडीकरण या दोहोंसाठी जर्मनप्रमाणे मराठीतही एकच शब्द चालतो, ‘श्वसन बिघडले’ हे विधान ऐकताच पटते, त्याला हेही एक कारण असावे.)

१९७२ मध्ये एफ्राइम रॅकर यांनी या आविष्काराला ‘वारबुर्ग इफेक्ट’ हे नाव दिले. भौतिकशास्त्रातील रूढीप्रमाणे ‘इफेक्ट’ म्हणजे आविष्कार. तथापि वारबुर्ग ज्याला कारणाच्या पदी बसवीत होते, त्याला ‘परिणाम’ असेही वाचता येईल असे नाव मिळावे, ही गंमत खरी. आविष्कार टिकला आहे : किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज शरीरात सोडून अर्बुदे टिपणारी पेट तपासणी अर्बुदांच्या याच ग्लुकोजलोलुपतेवर उभी आहे. त्याचा अर्थ मात्र पालटला. २००९ मध्ये व्हँडर हायडेन, कँटली व थॉम्पसन यांनी मांडले की, वाढत्या पेशीला ऊर्जेइतकीच नव्या पेशीच्या बांधणीसाठी कर्बयुक्त सामग्री हवी असते, आणि ग्लुकोजचा हा सढळ वापर त्या गरजेशी जुळतो.

वारबुर्ग यांच्या वाक्याला अक्षरशः सत्य ठरविणारी उदाहरणेही नंतर सापडली. २००० मध्ये सक्सिनेट डिहायड्रोजनेज आणि २००२ मध्ये फ्युमरेट हायड्रेटेज या एन्झाइमांच्या जनुकांतील दोष काही आनुवंशिक अर्बुदांच्या मुळाशी असल्याचे आढळले. ही दोन्ही एन्झाइमे श्वसनाच्या यंत्रणेतीलच होत. मात्र अशी अर्बुदे विरळ आहेत, आणि तेथेही ऊर्जेच्या तुटवड्यापेक्षा, साचून राहणारी सक्सिनेट व फ्युमरेट ही संयुगे पेशीतील संकेतांत जी ढवळाढवळ करतात, तिलाच आजचे संशोधक अधिक महत्त्व देतात.