किशोरवयीनाची उघडी रोजनिशी : एका वाङ्मयप्रकाराचे संकेत आणि त्यांचा भंग

रोजनिशी हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा की लेखनाची केवळ एक सवय मानावी, हा प्रश्न आत्मपर लेखनाच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो. आत्मचरित्रकाराला आपले कथन कोठे थांबणार आहे हे ठाऊक असते, रोजनिशीकाराला ते ठाऊक नसते. किशोरवयीन लेखकाच्या बाबतीत हा भेद अधिक तीव्र होतो, कारण ज्या 'मी'ची नोंद करायची तो 'मी'च अद्याप घडत असतो. अशा लेखकाने आपली रोजनिशी इंटरनेटवर, म्हणजे लिहिताक्षणीच अपरिचितांच्या हाती देण्यास प्रारंभ केला, तेव्हा या प्रकाराचा कोणता संकेत मोडला, हे तपासणे आवश्यक ठरते.

सर्वसाधारण उत्तर असे की, गुप्ततेचा संकेत मोडला. हे उत्तर पुरेसे नाही. रोजनिशीला वाचक नसतो हे गृहीतकच मुळात टिकणारे नाही. ॲन फ्रँक हिने 1942 च्या जून महिन्यात, तेराव्या वाढदिवशी मिळालेल्या वहीत लेखन सुरू केले आणि पुढे 'किटी' नावाची एक कल्पित मैत्रीण संबोधनासाठी निर्माण केली. 28 मार्च 1944 रोजी हद्दपार डच सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन यांनी लंडनहून नभोवाणीवर युद्धकाळातील पत्रे व रोजनिशा जपून ठेवण्याचे आवाहन केले. त्यानंतर मे महिन्यापासून तिने आपल्या जुन्या नोंदींचे पुनर्लेखन आरंभले. तिने प्रसंग गाळले, काही वाढवले, भोवतालच्या माणसांसाठी टोपणनावे योजली. 1947 साली प्रसिद्ध झालेले पुस्तक तिच्या वडिलांनी या दोन्ही संहितांच्या आधारे सिद्ध केले. म्हणजे जिला किशोरवयीन रोजनिशीचा आदर्श मानले जाते, ती संहिता शेवटच्या काही महिन्यांत वाचकाच्या पूर्ण जाणिवेने घडवली गेली होती.

तेव्हा या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण गुप्तता हे नसून अंतराल हे आहे. लेखन आणि वाचन यांच्यामध्ये काही काळ जातो, आणि त्या काळात लेखक स्वतःचा पहिला वाचक होतो. पंधराव्या वर्षीची ॲन तेराव्या वर्षीच्या ॲनची समीक्षक होऊ शकली ती या अंतरालामुळेच. किटी उत्तर देत नव्हती, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. तिच्या मौनामुळे लेखिकेला आपली भूमिका दुसऱ्या दिवशी बदलण्याची मुभा मिळत होती.

या पार्श्वभूमीवर जस्टिन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याचे उदाहरण पाहावे. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर कॉलेजात शिकत असताना, 1994 च्या जानेवारीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने आपले संकेतस्थळ सुरू केले. 'ब्लॉग' हा शब्द तेव्हा अस्तित्वात नव्हता. 'वेबलॉग' ही संज्ञा 1997 ची आणि तिचे संक्षिप्त रूप 1999 चे. आरंभी हॉलची पाने म्हणजे इतर पानांकडे नेणारे दुवे होते. हळूहळू त्या दुव्यांमध्ये त्याचे स्वतःचे आयुष्य येऊ लागले : प्रेमसंबंध, मित्र, आणि तो आठ वर्षांचा असताना वडिलांनी केलेली आत्महत्या. रोज एक नोंद लिहिण्याचा क्रम त्याने 10 जानेवारी 1996 रोजी स्वीकारला.

या कालक्रमाकडे रूपबंधाच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक आहे. कागदी रोजनिशीचे संघटनतत्त्व तारीख हे असते. हॉलच्या लेखनात तारीख दोन वर्षांनी आली, दुवा आधी होता. वाक्यातील व्यक्तिनामावरून वाचक त्या व्यक्तीविषयीच्या पानावर जाऊ शकतो आणि तेथून आणखी कोठे. परिणामी येथील 'मी' दिवसांच्या मालिकेतून उभा राहत नाही, संबंधांच्या जाळ्यातून उभा राहतो. किशोरवयाच्या जाणिवेशी हा घाट सुसंगत आहे, कारण त्या वयात 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'मी कोणाचा, कोणाबरोबर' या भाषेतच शोधले जाते. म्हणून या लेखनाला निव्वळ आत्मप्रदर्शन म्हणून बाजूला सारणे उथळपणाचे होईल.

मात्र याच घाटात त्याची नैतिक अडचणही आहे. दुव्याच्या दुसऱ्या टोकाला जिवंत माणूस असतो. ॲन फ्रँकने टोपणनावे योजण्यासाठी वापरलेला अवधी येथे लेखकाने स्वतःच नाकारलेला असतो. जे स्वातंत्र्य 'मी' स्वतःसाठी घेतो, त्याची किंमत नोंदीतील 'तो' किंवा 'ती' यांना, त्यांची संमती नसताना, चुकवावी लागते. 2005 च्या जानेवारीत हॉलने एका चित्रफितीद्वारे आपली व्यथा मांडली आणि अकरा वर्षांचे हे लेखन थांबवले. आपले लिहिणेच आपल्या जवळच्या माणसांना दूर लोटत असेल तर काय, असा त्या चित्रफितीतील प्रश्नाचा आशय आहे. पुढे 2015 मध्ये त्याने या साऱ्या प्रवासावर माहितीपट केला. दहा वर्षांनी आलेल्या या आत्मपरीक्षणात, लेखनाच्या वेळी नाकारलेला अंतरालच उशिरा परत येतो.

फिलिप लेज्यून यांनी 1975 मध्ये आत्मचरित्राच्या 'करारा'ची कल्पना मांडली. 2000 सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी संगणकावरील व इंटरनेटवरील रोजनिशांचा विचार केला. करार लेखक आणि वाचक या दोघांत होतो. उघड्या रोजनिशीत तिसरा पक्ष सतत उपस्थित असतो, म्हणून कराराची ही कल्पना येथे अपुरी पडते आणि तिचा विस्तार करावा लागतो.

लेखकांनी स्वतः या अडचणीवर जो उपाय स्वीकारला तोही सैद्धांतिक दृष्ट्या लक्षणीय आहे. 1999 मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक या एकोणीस वर्षांच्या तरुणाने शाळेतील मित्रांना आपली खबरबात कळावी म्हणून 'लाइव्हजर्नल' सुरू केले. तेथे प्रत्येक नोंद सर्वांसाठी, निवडक मित्रांसाठी की केवळ स्वतःसाठी, हे लेखकाला ठरवता येते. वोल्फगांग इझर यांचा 'अभिप्रेत वाचक' समीक्षकाला संहितेतून शोधून काढावा लागतो. येथे तो प्रकाशनापूर्वी, नोंदीगणिक, लेखकच निश्चित करतो. एकाच दिवसाच्या तीन नोंदी तीन निरनिराळ्या वाचकांसाठी लिहिल्या जातात, आणि संपूर्ण संहिता लेखकाखेरीज कोणालाच उपलब्ध नसते. हे गुप्ततेचे पुनरागमन आहे. परंतु आता ती संपूर्ण वहीची नसून वाक्यांच्या गटांची आहे.

कुलुपाची किल्ली मात्र पूर्णतः लेखकाच्या हाती राहत नाही. लाइव्हजर्नलची मालकी 2005 आणि 2007 मध्ये बदलली. 'जिओसिटीज'वर असंख्य हौशी लेखकांनी उभारलेली पाने, त्या सेवेचा अमेरिकेतील कारभार 2009 मध्ये बंद झाल्यावर, मूळ ठिकाणाहून नाहीशी झाली. जतन झाली ती इतरांनी करून ठेवलेल्या प्रतींमुळे. किशोरवयात लिहिलेली नोंद पुढे नकोशी झाली तरी कोठेतरी टिकते, आणि हवी असताना हरवते. वही जाळण्याचा किंवा जपण्याचा जो साधा अधिकार जुन्या रोजनिशीकाराला होता, तो येथे मर्यादित झाला आहे.

या प्रकारच्या लेखनाचे मूल्यमापन करताना म्हणूनच प्रामाणिकपणा हा एकमेव निकष पुरत नाही. अंतराल नाकारून लेखकाने काय मिळवले, नोंदीतील इतर माणसांना कोणती जागा दिली, आणि बदलत्या 'मी'ला आपले आधीचे शब्द मागे घेण्याची मुभा संहितेने कितपत ठेवली, हे प्रश्न त्या निकषाच्या बरोबरीने विचारावे लागतील. हॉलच्या लेखनाचे महत्त्व ते पहिल्या काहींपैकी आहे एवढ्यापुरते नाही. हे तीनही प्रश्न त्याने अखेरीस आपल्याच लेखनाला विचारले, हे त्याचे खरे महत्त्व आहे.