टॅब-पूर्तीतील बिघाड : सामायिक चलाच्या वापराची एक समीक्षा

प्रस्तावना

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयांत संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. लिनक्सच्या कमांड लाइनवर मात्र प्रत्येक नाव इंग्रजी स्पेलिंगसह अचूक टंकित करावे लागते. पहिली दोन-तीन अक्षरे देऊन टॅब कळ दाबली की उरलेले नाव शेल पूर्ण करते. ही सोय अशा विद्यार्थ्याला आधाराची ठरते. म्हणूनच एखादे पॅकेज ती मोडते, तेव्हा त्याकडे केवळ तांत्रिक त्रुटी म्हणून पाहणे अपुरे होय.

विवेचन

ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या बॅश या शेलमध्ये २००० साली, २.०४ या आवृत्तीपासून, प्रत्येक आज्ञेसाठी पूर्तीचे स्वतंत्र नियम लिहिण्याची सोय झाली. टंकित ओळीचे शब्द कोठे तोडावयाचे, हे ‘कॉम्प-वर्डब्रेक्स’ या चलावरून ठरते. बरोबरचे चिन्ह, ॲटचे चिन्ह व विसर्गचिन्ह यांचा त्यात मूलतः समावेश असतो. हे चल कोणा एका आज्ञेचे नसून संपूर्ण शेलचे आहे.

एनपीएम या पॅकेज-व्यवस्थापकाची पूर्ती-संहिता या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ती या चलातून बरोबर व ॲट ही दोन्ही चिन्हे वगळते. यामागील गरज खरी आहे, कारण तेथे पॅकेजचे नाव व आवृत्ती ॲटच्या चिन्हाने जोडली जाते. परंतु परिणाम एनपीएमपुरता राहत नाही. स्वतंत्र नियम नसलेल्या एखाद्या आज्ञेत बरोबरच्या चिन्हापुढे संचिकेचा मार्ग लिहून टॅब दाबल्यास, शेल चिन्हासह सगळा मजकूर एकच शब्द मानते आणि त्या नावाची संचिका शोधू लागते. ती अर्थातच सापडत नाही.

आपले पीक वाढावे म्हणून सामायिक धुरा कोरण्याचा प्रकार वऱ्हाडात नवा नाही. येथे घडते ते त्याच जातीचे आहे. चल न बदलता तुटलेले शब्द आपल्यापुरते जोडून घेण्याची सोय बॅश-कम्प्लीशन या संग्रहात उपलब्ध आहे. त्यामुळे आक्षेप गरजेवर नसून मर्यादा ओलांडण्यावर आहे. या संग्रहाच्या २.० आवृत्तीत (२०१२) नियम लागतील तेव्हाच भरण्याची व्यवस्था आली. त्यामुळे शेल लवकर सुरू होते. तथापि, एकदा भरलेली संहिता त्याच शेलमध्ये चालत असल्याने सामायिक चलाला त्यातून संरक्षण मिळत नाही.

कळफलकाच्या पॅकेजमुळेही असाच अडथळा येतो. ‘वऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. शेल मात्र त्यांना भिन्न मानते. एका पद्धतीने नाव दिलेली संचिका दुसऱ्या पद्धतीने ‘वऱ्’ टंकित करून पूर्ण होत नाही. केवळ ‘व’ देऊन टॅब दाबल्यास होते. आपल्याच प्रदेशाचे नाव आपल्याच यंत्रावर अडावे, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

मूल्यमापन

या सर्व प्रकारांतील गंभीर दोष म्हणजे त्यांचे मौन होय. बहुधा कोणताही त्रुटीसंदेश येत नाही. टॅब दाबूनही काहीच घडत नाही. अनुभवी व्यक्ती पॅकेजवर संशय घेते, तर नवा विद्यार्थी स्वतःच्या स्पेलिंगवर. दोष संहितेचा असताना न्यूनगंड विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो.

समारोप

प्रात्यक्षिकात अशी अडचण आल्यास शिक्षकाने प्रथम आरंभसंचिका न भरता नवे शेल उघडून पाहावे. तेथे पूर्ती नीट चालली, तर पॅकेज भरण्यापूर्वीचे व नंतरचे चलाचे मूल्य विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्यावे. साहित्यकृतीप्रमाणे संहिताही चिकित्सकपणे वाचावयाची असते, हा संस्कार त्यातून घडेल. ‘तुझे चुकले’ असे म्हणण्यापूर्वी ‘येथे कोणी काय बदलले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय प्रयोगशाळेत रुजणे अगत्याचे आहे.