ग्रीनी: एका गिटारचे तीन धनी

प्रसिद्ध गिटारींच्या लिलावाच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. त्यांत आकडा ठळक असतो. त्या वाद्यावर काय वाजले, याचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही जमला तर. 'ग्रीनी' या गिटारची कुळकथा मी सांगतो आहे ती नेमकी या ओळीसाठी.

ही गिब्सनची १९५९ सालची लेस पॉल. लंडनच्या पीटर ग्रीनने ती उमेदवारीच्या काळात घेतली. जॉन मेयॉलच्या 'अ हार्ड रोड' (१९६७) मधील 'द सुपरनॅचरल' ही त्याची शब्दांवाचूनची रचना रसिकांनी जरूर ऐकावी. एक स्वर लावून ग्रीन तो विरेपर्यंत वाट पाहतो. पुढचा स्वर घेण्याची त्याला घाई नसते. आपल्याकडे विलंबित ऐकलेल्या कानांना हा ठहराव लगेच ओळखू येईल.

गिटारमध्ये एक खोटही होती. तारांची कंपने टिपणारी दोन यंत्रे तिच्यावर बसवलेली असतात. त्यांपैकी मानेकडच्या यंत्रातले चुंबक उलटे होते. दोन्ही एकदम चालू केली की ती एकमेकांना काही अंशी खोडतात आणि आवाज पोकळ, किंचित नाकातला येतो. एखाद्या दक्ष कारागिराने ते चुंबक सुलटे केले असते, तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

१९७० मध्ये ग्रीनने आपणच उभा केलेला 'फ्लीटवुड मॅक' हा वाद्यवृंद सोडला. पैशाचा वीट आलेला आणि मन आजारी. त्याने ही गिटार बेलफास्टच्या तरुण गॅरी मूरला दिली. किंमत कोणती? मूरची स्वतःची गिटार विकून जे येईल तेवढीच!

मूरचा पिंड अगदी वेगळा. त्याची बोटे ग्रीनपेक्षा तयार, पण रिकामी जागा दिसली की भरून टाकायची सवय. १९९५ च्या 'ब्लूज फॉर ग्रीनी' मध्ये त्याने ग्रीनच्याच रचना त्याच गिटारवर वाजवल्या, 'द सुपरनॅचरल'सुद्धा. दोन्ही मुद्रणे पाठोपाठ ऐकली की वाद्य एक असूनही हात किती बोलतो ते कळते. मूरला तो ठहराव पूर्ण साधलेला नाही. पण स्वभावाला मुरड घालण्याची त्याची धडपड इतकी प्रामाणिक आहे की त्याच्या अनेक गाजलेल्या संग्रहांपेक्षा मला हा जवळचा वाटतो.

२००६ मध्ये आर्थिक अडचणीत मूरला ती विकावी लागली. २०११ मध्ये तो गेला. मधली आठ वर्षे गिटार व्यापारी आणि संग्राहकांकडे फिरली. त्या काळाबद्दल समीक्षकाने लिहावे असे काहीही नाही, आणि हाच त्या काळावरचा अभिप्राय समजावा. कपाटात जपून ठेवलेल्या पेटीचे भाते उंदरांनी कुरतडलेले शाळेत पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही.

२०१४ मध्ये ती 'मेटॅलिका'च्या कर्क हॅमेटकडे आली. जुने ब्लूजप्रेमी हळहळले. त्या वृंदाचा गोंगाट माझ्याही कानांना मानवत नाही. पण जिमी हेंड्रिक्सची वुडस्टॉकची गिटार सिॲटलच्या संग्रहालयात काचेआड गेली. हॅमेट मात्र ग्रीनी दौऱ्यावर नेतो. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये ग्रीनच्या सन्मानार्थ मैफल झाली, तेव्हा त्याने तीच गिटार घेऊन ग्रीनची रचना वाजवली. त्याच वर्षी जुलैमध्ये ग्रीन वारला.